बिडाच्या तव्याला सोवळ्यात बसवू नका

बिडाच्या तव्याला गेल्या काही वर्षांत पुन्हा चांगले दिवस आले आहेत. नॉनस्टिक घरात आल्यावर जो तवा माळ्यावर गेला किंवा भंगारवाल्याच्या तराजूत पडला, तोच आता खोक्यात घालून, माहितीपत्रक जोडून विकला जातो. याचा मला आनंदच आहे. पण तव्याबरोबर जे ज्ञान वाटलं जातं, ते मला मान्य नाही. साबण लावायचा नाही, पाण्याखाली धरायचा नाही, आंबट काही त्यावर टाकायचं नाही, अमुकच तेल तमुक वेळा इतक्याच तापमानाला चढवायचं. आणि हे सगळं पाळलं की घरातल्या बायकामुलांच्या अंगातलं रक्त वाढणार. ही यादी वाचून बरेच लोक तवा घेतच नाहीत. जे घेतात त्यांना पहिल्या पावसाळ्यात त्यावर तांबूस डाग दिसतो, आपल्यालाच हे जमत नाही असं ते ठरवतात आणि तवा पुन्हा माळ्यावर जातो. तव्याचा कैवार घेणाऱ्यांनीच तव्याला लोकांपासून तोडलं, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. बिडाचं भांडं हे रोजच्या वापराचं, बराच आडदांडपणा सोसणारं आणि बिघडलं तर घरच्या घरी दुरुस्त होणारं भांडं आहे. त्याच्याभोवती रचलेलं सोवळं काही अंशी चुकीच्या समजुतीवर आणि काही अंशी विक्रीच्या गरजेवर उभं आहे, आणि ते मोडलं तरच हा तवा पुन्हा सामान्य घरात नांदेल.

आधी थराचं बघू, कारण बहुतेक नियम त्या काळ्या थराच्या रक्षणासाठीच सांगितले जातात. बिडात लोखंडाबरोबर साधारण २ ते ४ टक्के कार्बन आणि १ ते ३ टक्के सिलिकॉन असतं. वाळूच्या साच्यात ओतलेलं असल्यामुळे त्याचा पृष्ठभाग खरखरीत राहतो, आणि उघडं ठेवलं तर ते ओल्या हवेत लगेच गंजतं. या पृष्ठभागावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून तवा धूर निघेपर्यंत तापवला, की तेलातली असंतृप्त मेदाम्लं हवेतला ऑक्सिजन घेतात, त्यांचे रेणू एकमेकांत गुंततात आणि तेलाचं रूपच पालटतं. जवसाचं तेल लाकडाला लावून वाळू दिलं की त्याचा कडक पापुद्रा होतो. तिथे दिवसच्या दिवस चालणारी तीच क्रिया इथे उष्णतेमुळे अर्ध्या तासात उरकते. तयार होतो तो थर पाण्यात विरघळत नाही, बोटाला लागत नाही, आणि पुन्हा तेल होत नाही. एवढी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली की पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. तवा चिकट झाला म्हणून तक्रार करणाऱ्यांनी जवळजवळ नेहमीच तेल जास्त लावलेलं असतं: जाड थरात आतलं तेल पुरतं बदलत नाही आणि अर्धवट डिंकासारखं राहतं. लावलेलं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढावं, जणू काही चुकून लावलं होतं, आणि मग तवा तापवावा. मागे जेवढं उरतं तेवढंच पुरेसं असतं.

साबणावरची बंदी येते ती हा फरक न ओळखल्यामुळे. साबणाने तेल निघतं, तव्यावर तेलाचा थर आहे, म्हणून साबणाने थर निघेल, असा तो सरळसोट हिशेब आहे. जुन्या काळच्या, कॉस्टिक सोड्याचा अंश राहिलेल्या जहाल साबणांच्या बाबतीत त्यात तथ्य होतं. तीव्र अल्कली हा थर खरोखर खाते, आणि जुना थर काढून टाकायचा असेल तर आजही कॉस्टिकच वापरतात. भांडी धुण्याच्या आजच्या द्रव साबणाचं काम वेगळं आहे. तो मोकळं, न बदललेलं तेल पाण्याबरोबर वाहून नेतो. गुंतून कडक झालेल्या थराचं त्याला काही करता येत नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यात १८९६ पासून बिडाची भांडी ओतणारी लॉज ही कंपनी स्वतःच थोडा साबण लावायला हरकत नाही असं सांगते. जिची सगळी उपजीविका या भांड्यावर आहे तिला जी भीती वाटत नाही, ती आपण का बाळगावी? न धुण्यात तर उलट तोटा आहे. रात्री बांगडा तळलेला तवा नुसता पुसून ठेवला तर सकाळच्या घावनाला वास येणारच, आणि खाचांत राहिलेलं तेल चार दिवसांत खवट होतं. त्याला चव मुरणं म्हणण्यात काही अर्थ नाही.

मात्र ही सूट देताना आपल्याकडच्या मोरीतली परिस्थिती बघितली पाहिजे, आणि परदेशी माहितीपत्रकं नेमकं तेच बघत नाहीत. आपल्याकडे बऱ्याच घरांत भांडी अजून वडीने आणि तारेच्या घासणीने घासली जातात. वडीत सोडा असतो, घासण्यासाठी भुकटी असते. तार तर धातूच खरवडते. म्हणजे धोका साबणाच्या नावात नाही, त्या खरवडण्यात आहे. द्रव साबण आणि नारळाची शेंडी किंवा साधी घासणी यांनी तवा खुशाल धुवावा, धुतल्याबरोबर शेगडीवर ठेवून पाणी पूर्ण उडेपर्यंत तापवावा, तेलाचं बोट फिरवावं आणि ठेवून द्यावा. सिंकमध्ये रात्रभर भिजत ठेवणं मात्र नको, आणि डिशवॉशरही नको, कारण तिथे गरम अल्कली आणि ओल तासभर एकत्र असतात. तव्याचं सगळं पथ्य एवढंच.

तेलाबद्दलही असाच फापटपसारा झाला आहे. काही वर्षांपूर्वी जवसाच्या तेलाचं वारं सुटलं. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. तेल किती असंतृप्त आहे हे आयोडीन अंकावरून कळतं. खोबरेलाचा तो सुमारे १०, शेंगदाणा तेलाचा ८५ ते १०५, सूर्यफुलाचा १२० ते १४० आणि जवसाचा १७० च्या पुढे. जितका अंक मोठा तितका थर लवकर आणि कडक. पण फार कडक थर ठिसूळही असतो, आणि जवसाने सहा-सहा वेळा मेहनत घेऊन चढवलेला चकचकीत थर पुढे पापुद्रे होऊन सुटतो, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. घरात शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल असेल तर दुसरं काही आणायची गरज नाही. खोबरेल मात्र या एका कामाला कच्चं आहे. त्यावर आंबोळी काढा, थर चढवायला ते वापरू नका. कोकणात अर्धा कांदा काट्याला टोचून, किंवा वांग्याचं देठ तेलात बुडवून, दर घावनाआधी तव्यावरून फिरवतात. कांद्यात काहीतरी गुण आहे असं त्याचं समर्थन आता केलं जातं. माझ्या मते त्यातला मोठा गुण मोजमापाचा आहे: कांद्याच्या कापलेल्या बाजूला जेवढं तेल चिकटतं तेवढंच तव्याला मिळतं, आणि तेही तवा तापलेला असताना, दर दोन मिनिटांनी, सगळीकडे सारखं. एका सकाळी वीस घावन काढले तर वीस वेळा पातळ तेल तापल्या बिडावर फिरतं. ओव्हनमध्ये तास मोजून केलेल्या सोपस्कारापेक्षा ही निगा कितीतरी चांगली आहे, आणि ती करत असताना घरच्यांची न्याहारीही होते.

आता त्या दाव्याकडे वळतो जो तव्याच्या बाजूचा असूनही तव्याला बदनाम करतो: बीड उष्णता सगळीकडे सारखी पसरवतं, हा. ते खोटं आहे. बिडाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ॲल्युमिनियमच्या साधारण एक चतुर्थांश आहे. विश्वास नसेल तर मोठ्या आचेवर तव्यावर चिमूटभर पीठ सारखं भुरभुरवून बघावं. ज्योतीच्या कड्यावरचं पीठ तपकिरी होतं तेव्हा कडेचं पांढरंच असतं. ‘सारखी उष्णता’ ऐकून तवा घेतलेला माणूस मोठी आच लावतो, मिनिटाभरात पीठ ओततो, मध्ये करपतं, कडेला चिकटतं, आणि तो तव्याला दोष देतो. बिडाचा खरा गुण वेगळा आहे. ते वजनदार आहे म्हणून उष्णता साठवतं. साधा हिशेब मांडू. पळीभर, म्हणजे ८० ग्रॅम पीठ खोलीच्या तापमानावरून उकळीला आणायला सुमारे २२ किलोजूल उष्णता लागते. क्षणभर समजा की ही सगळी तव्याच्या साठ्यातूनच आली. दोन किलोच्या बिडाच्या तव्याचं तापमान त्यामुळे जेमतेम २५ अंशांनी उतरतं. सहाशे ग्रॅमच्या पातळ लोखंडी तव्याचं ८० अंशांनी, आणि तितक्याच वजनाच्या ॲल्युमिनियमच्या तव्याचं ४० अंशांनी. आंबोळीला जाळी पडते ती पीठ टेकताक्षणी खालून वाफ उसळते म्हणून, आणि तवा त्या क्षणी गार पडला तर वाफ दमाने येते, जाळी बसते आणि पीठ धातूला धरतं. बिडावरच्या आंबोळीची चव लोक सांगतात त्यात काही गूढ नाही, दोन किलो धातूतला साठा आहे. हा साठा भरायला वेळ लागतो. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं द्यावी लागतात, आणि पहिली आंबोळी बिघडते ती बहुधा या मिनिटांची चोरी केल्यामुळे. उलट तवा फार तापला तर पीठ पळीबरोबरच गोळा होऊन येतं. अशा वेळी चार थेंब पाणी शिंपडून तो थोडा उतरवावा.

याच गणितावरून हेही निघतं की बीड सगळ्याच कामांना नको. भाकरीला पातळ लोखंडी तवाच चांगला, कारण तिथे आच क्षणात वाढवायची, क्षणात उतरवायची असते. पोळ्यांचंही तेच. बिडाच्या भक्तांनी एकाच भांड्यात सगळा स्वयंपाक बसवायचा हट्ट धरला आहे, तो त्यांनी सोडावा.

आणि आता रक्तवाढीचा प्रश्न. यावर मी जास्त थांबणार आहे, कारण इथे चुकीच्या सांगण्याने नुकसान होतं ते माणसांचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के होतं, आणि पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये त्याहून जास्त, ६८.९ टक्के. इतक्या मोठ्या दुखण्यावर तवा हा उपाय म्हणून विकला जातो. त्याला आधार आहे, हे आधी मान्य करतो. अमेरिकेत टेक्सासमध्ये झालेल्या आणि १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वीस पदार्थ लोखंडी भांड्यात शिजवून त्यांतलं लोह मोजलं होतं. सफरचंदाच्या शिजवलेल्या गरात ते १०० ग्रॅममागे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी होतं, ते सातच्या वर गेलं. इथिओपियात लहान मुलांवर झालेला अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला: वर्षभर लोखंडी पातेल्यात शिजवलेलं अन्न खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन सरासरी १.७ ग्रॅमने वाढलं, ॲल्युमिनियमच्या पातेल्यातलं खाणाऱ्यांचं ०.४ ने. हे आकडे खरे आहेत आणि महत्त्वाचे आहेत. पण ते कशाचे आहेत ते बघा. आंबट, पाणीदार, बराच वेळ शिजणारे पदार्थ, आणि पातेलं. लोह अन्नात उतरायला आंबटपणा लागतो, ओल लागते आणि वेळ लागतो. आंबोळी तव्यावर दोन-तीन मिनिटं असते, तीही तेलाच्या पदरावर, आणि तिचं बरंचसं पाणी लगेच वाफ होऊन जातं. तिच्यात उतरणारं लोह थोडंच असणार.

याहून मोठा घोटाळा पुढे आहे. तवा नैसर्गिक नॉनस्टिक आहे आणि तवा अन्नात भरपूर लोह सोडतो, हे दोन्ही दावे एकाच खोक्यावर छापलेले असतात. अन्न धातूला चिकटू नये म्हणून जो थर आपण चढवतो, तोच थर अन्न आणि लोखंड यांच्यामध्ये उभा असतो. तो जितका चांगला, तितकं लोह कमी सुटणार. लोह हवं असेल तर थर उघडा पाडावा लागेल. मग चिकटणं आलं, गंज आला, आणि पदार्थाला काळपट रंग व धातूची चव आली. विक्रेते दोन्हीचं वचन एकदम देतात, आणि ते पाळता येण्यासारखं नाही. आपल्या जुन्या स्वयंपाकघरात ही विभागणी होतीच: आंबट आमटी-सार कल्हईच्या किंवा मातीच्या भांड्यात, परतलेली भाजी लोखंडी कढईत, घावन-आंबोळी बिडावर. भाजी जरा काळी दिसली तर कुणी ती टाकून देत नसे. लोखंडी कढईत पालेभाजी करावी, वर लिंबू पिळून खावी, हा सल्ला मी आनंदाने देईन. थोडं लोह मिळेल, आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे ते अंगी लागायला मदत होईल. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीची लोहाची रोजची गरज २९ मिलिग्रॅम ठरवली आहे. ज्या बाईचं हिमोग्लोबिन आठवर आलं आहे तिला तव्याच्या भरवशावर ठेवणं हे घातक आहे. तिला तपासणी हवी, गोळ्या हव्यात, रक्तस्राव किंवा जंत असं कारण असेल तर त्यावर उपचार हवा. आणि सगळाच ॲनिमिया लोहाच्या कमतरतेने होत नाही. थॅलेसेमियासाठी वरचेवर रक्त घ्यावं लागणाऱ्या मुलाच्या शरीरात लोह आधीच जास्त साठतं. त्याच्या घरात ‘लोह वाढवणारं भांडं’ म्हणून काही आणण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. २०१८ पासून चाललेल्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या फुकट मिळतात. तव्याची जाहिरात वाचून कुणी त्या बाजूला सारल्या, तर त्याची जबाबदारी जाहिरात लिहिणाऱ्यावर येते.

यावर असं म्हटलं जाईल की अतिशयोक्ती असली तरी हेतू चांगला आहे, लोक विषारी नॉनस्टिकपासून तरी दूर जातील. हे मला पटत नाही, कारण ती भीतीही तपासून बघितलेली नाही. नॉनस्टिकचा लेप म्हणजे पीटीएफई, १९३८ साली अमेरिकेत योगायोगाने सापडलेला पदार्थ. तो बनवताना पूर्वी पीएफओए नावाचं रसायन वापरत. त्या रसायनाने कारखान्यांच्या आसपासचं पाणी आणि माणसं यांचं जे नुकसान झालं ते भयंकर आहे. २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात त्यावर बंदी आली आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. हा राग रास्तच आहे, आणि त्याच्या जागी आलेल्या भाऊबंद रसायनांकडे संशयाने बघावं हेही रास्त. पण मंद आचेवर, न ओरखडलेल्या नॉनस्टिक तव्यावर केलेलं धिरडं विषारी होतं, असा अर्थ त्यातून निघत नाही. पीटीएफई सुमारे २६० अंशांच्या वर बिघडू लागतं आणि त्याहून जास्त तापलं तर त्याचा धूर अपायकारक असतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तर तो तिथवर काही मिनिटांत पोचतो. नॉनस्टिकविरुद्धचा खरा, न वाढवता सांगता येणारा मुद्दा असा आहे की ते मोठी आच सोसत नाही, उलथन्याचा एक ओरखडा सोसत नाही, आणि लेप गेला की पुन्हा घरी चढवता येत नाही. ते भांडं वापरून टाकायचं आहे. बिडाचं तसं नाही, आणि तव्याची बाजू मांडायला एवढा फरक पुरेसा आहे. घाबरवून विकलेली वस्तू लोक भीती ओसरली की टाकून देतात.

सर्वांत वजनदार आक्षेप आहे तो श्रमांचा, आणि तो मी मनापासून ऐकतो. जुन्या भांड्यांची थोरवी गाणारे आणि ती भांडी घासणारे सहसा वेगळे असतात. दोन-अडीच किलोचा तवा एका हाताने उचलणं संधिवात असलेल्या मनगटाला झेपत नाही. अशा घरात पातळ लोखंडी तवा ठेवावा, त्यात काहीही कमीपणा नाही. पण बाकीच्या श्रमांचा मोठा वाटा तव्याने लादलेला नाही, नियमांनी लादला आहे. साबण चालत नाही असं ठरवल्यामुळे तवा भांडी घासायला येणाऱ्या बाईंना देता येत नाही. मग तो रात्री अकरा वाजता घरातल्याच कुणीतरी मीठ लावून पुसायचा, आणि ते कुणीतरी कोण हे न विचारताच ठरलेलं असतं. ही बंदी उठवली की तवा बाकीच्या भांड्यांबरोबर द्रव साबणाने धुता येतो, फक्त तो निथळत न ठेवता शेगडीवर कोरडा करायचा. ते काम दोन मिनिटांचं आहे, आणि ते घरातल्या पुरुषांना आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांना येण्यासारखं आहे. नियम जितके कमी आणि उघड, तितकं काम वाटून घेणं सोपं. बारा नियमांचं भांडं मात्र एकाच बाईच्या गळ्यात पडतं.

पावसाळ्याचा आक्षेपही खरा आहे. रत्नागिरीत किंवा मुंबईत जुलै महिन्यात उघडं बीड एका रात्रीत तांबूस होतं. पण गंज म्हणजे तव्याचा शेवट नाही. तो लोखंडाचा ऑक्साइड आहे, विष नाही, आणि तो काढता येतो. माळ्यावर पडलेला तवा असेल तर सारख्या प्रमाणात व्हिनेगर आणि पाणी घेऊन, किंवा चिंचेच्या पातळ कोळात, अर्धा तास ठेवावा. रात्रभर नव्हे, कारण गंज संपला की आम्ल चांगला धातू खायला लागतं. मग इथे मात्र तारेची घासणी हातात घ्यावी आणि करडा धातू दिसेपर्यंत घासावा. साबणाने धुवावा, लगेच शेगडीवर सुकवावा. या टप्प्यावर पाच मिनिटंही ओला राहिला तर पुन्हा तांबूस होतो. शेंगदाणा तेलाचा हात फिरवून पुसून काढावा, खिडक्या उघडाव्यात, आणि मध्यम आचेवर धूर यायचा थांबेपर्यंत तापवावा. तवा आपला आपण गार होऊ द्यावा. तापलेल्या बिडावर नळ सोडू नये, कारण बीड ठिसूळ असतं आणि अचानक गार झालं तर तडकतं. असं दोन-तीन वेळा केलं की तो वापरायला तयार होतो. पहिल्या दिवशी आंबोळी घालू नये. कांदा परतावा, पापलेट तळावं, चार-आठ दिवस तेलकट कामं करून घ्यावीत. थर काळाकुळकुळीत दिसण्याची वाट बघू नये, तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा तवाही चांगलं काम करतो.

जुना तवा घेताना किंवा माळ्यावरून काढताना एकच गोष्ट आधी तपासावी. तो दोरीने किंवा बोटावर अधांतरी धरून उलथन्याने टिचकी मारावी. धड तवा खणखणतो. तडा गेलेला बद्द वाजतो, मग तो तडा डोळ्यांना दिसो वा न दिसो. तसा तवा मात्र वापरू नये आणि डागडुजीच्या नादालाही लागू नये, तापल्यावर तो हातात दुभंगू शकतो. तो भंगारवाल्याला द्यावा. बीड पुन्हा वितळतं, आणि कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत असलंच भंगार रोज भट्टीत जातं.